उपासाचं मीठ

श्रावणातल्या एकादशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या सुमाराला माझ्या वडिलांना डोंबिवलीहून रिक्षाने कल्याणच्या एका इस्पितळात न्यावं लागलं. पाय गुडघ्यापर्यंत सुजले होते आणि दोन शब्दांच्या मध्ये धाप लागत होती. हृदय कमजोर झालं की अंगात पाणी साठतं, हे निदान आदल्या वर्षीच झालं होतं. इस्पितळाची ही तिसरी खेप होती. हे ऐंशीच्या दशकाच्या अखेरीचं. ज्या माणसाच्या चुकीमुळे ही खेप झाली, तो मिठाच्या बाबतीत ठाण्यापासून टिटवाळ्यापर्यंतचा सर्वांत सावध माणूस होता, असं मी आजही कोणत्याही संपादकाला सहीनिशी लिहून द्यायला तयार आहे. इतक्या परक्या घरांच्या स्वयंपाकघरात तासन् तास बसलेला आणि एकाही घरी एका घासापलीकडे न जेवलेला दुसरा माणूस मला माहीत नाही.

आचारीकाका आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहायचे, आम्ही तळमजल्यावर. त्यांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण त्या नावाने त्यांना कोणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. चाळीस वर्षं त्यांनी कल्याणात लग्नामुंजींचा स्वयंपाक केला होता. चारशे पानांच्या आमटीला मीठ घालायचं ते मुठीने, आणि चव न बघता, कारण नैवेद्य दाखवायच्या आधी अन्न उष्टं करायचं नाही हा त्यांचा नियम. मग मीठ बरोबर पडलं हे कळतं कसं, असं विचारलं की ते पातेल्यावर वाकून वाफ हुंगायचे आणि ‘अजून दोन मुठी’ किंवा ‘बस’ एवढंच म्हणायचे. त्यांच्या हाताखालच्या लोकांचं म्हणणं असं की काकांना वासावरून मिठाचं पोतं कोणत्या आगरातून आलं तेही सांगता येतं. हे मी पडताळून पाहिलेलं नाही. पाहिलं ते एवढंच की एकदा आईने बोलण्याच्या नादात वरणाला दोनदा मीठ घातलं, आणि जिना उतरणारे काका आमच्या दाराशी थबकून म्हणाले, “वहिनी, लक्ष कुठे होतं?”

काकांच्या थोरल्या बहिणीचं हृदय थकलं तेव्हा त्यांनी मोठे स्वयंपाक घेणं सोडलं. डॉक्टरांनी तिचं मीठ कमी करायला सांगितलं होतं. घरच्यांनी भीतीपोटी ते बंदच केलं. आठवड्याभरात ती ताट पुढे सरकवायला लागली आणि महिन्याभरात जेवेनाशी झाली. ती नेमकी कशाने गेली याबद्दल काका कधी बोलले नाहीत. “मीठ काढणं कोणालाही जमतं रे,” एवढंच म्हणायचे, “काढून वर जेवायला लावणं, ते बघ जमतंय का.” तेव्हापासून त्यांचा उद्योग सुरू झाला. कल्याणातल्या एका दवाखान्याबाहेरच्या बाकावर ते सकाळी जाऊन बसत. पाय सुजलेला, चार पावलांवर दम खाणारा माणूस बाहेर आला की त्याला तब्येत न विचारता विचारत, “घरी स्वयंपाक कोण करतं?” पुष्कळ लोक दचकत. काहींना वाटे हा स्थळ घेऊन आलाय. पण दहातले सहाजण पत्ता सांगत, आणि काका दुसऱ्या दिवशी त्या घरी हजर होत.

डॉक्टरांवर त्यांचा राग नव्हता, ‘कमी’ या शब्दावर होता. “कमी म्हणजे किती? कशापेक्षा कमी? कपडा शिवायला टाकताना शिंप्याला ‘कमी कर’ म्हणतोस का?” त्याहून मोठा राग ‘चवीपुरतं मीठ’ या दोन शब्दांवर. मी ठाण्याच्या एका वर्तमानपत्रात नोकरीला होतो. आमच्या रविवारच्या पुरवणीत पाककृती यायच्या आणि प्रत्येकीच्या शेवटी मीठ चवीपुरतं असायचं. एका सोमवारी काका कात्रण घेऊन थेट कचेरीत आले आणि पुरवणीच्या संपादकांसमोर बसले. “चवीपुरतं म्हणजे कोणाच्या चवीपुरतं? ज्याची जीभ चाळीस वर्षं लोणच्यात मुरलीय, त्याच्या?” संपादक हसून म्हणाले, “काका, वाचकांना कळतं ते.” काका म्हणाले, “वाचकांना कळतं, तर मग पाककृती छापता कशाला?” पुढच्या रविवारी अळूवड्यांच्या कृतीत मीठ ‘पाऊण चमचा’ असं छापून आलं. त्यानंतर पुन्हा कधी आलं नाही.

वडिलांची दुसरी खेप आटोपून ते घरी आले, त्या दिवशी काकांनी आमच्या स्वयंपाकघराचा ताबा घेतला. आधी झडती झाली. पापड, सांडगी मिरच्या, लोणच्याच्या तीन बरण्या, शेवेचा डबा, खारे दाणे, खाण्याचा सोडा हे सगळं एका ओळीत ओट्यावर मांडलं गेलं. चोरीचा माल पोलीस चौकीत मांडतात तसं ते दिसत होतं. मग त्यांनी आईला वर्तमानपत्राच्या तुकड्यावर तिची नेहमीची चिमूट टाकायला सांगितली आणि शेजारी आपली टाकली. आईची दुपटीहून मोठी निघाली. “माझा हात आहेच तसा सढळ,” आई म्हणाली. “तुमचा हात सढळ, वहिनी, पण गुरुजींचं हृदय नाही.” माझे वडील निवृत्त मुख्याध्यापक; काका त्यांना गुरुजी म्हणायचे. डॉक्टरांनी सगळं धरून दिवसाला एक सपाट चहाचा चमचा एवढी मर्यादा घालून दिली होती. काका रोज सकाळी त्यातलं थोडं दूधदह्याच्या नावाने बाजूला काढत आणि उरलेल्याच्या होमिओपॅथीच्या औषधासारख्या दोन पुड्या बांधत. स्वयंपाक अळणी करायचा. पुडीतलं मीठ ताटात वाढलेल्या भाजीवर वरून भुरभुरायचं. “शिजताना घातलेलं मीठ भाजीच्या पोटात जाऊन लपतं. वरून घातलं की जिभेला आधी तेच भेटतं.” पानात वरच्या बाजूला जिथे मीठ वाढतात, तिथे त्यांनी लिंबाची फोड ठेवायला सांगितली. आईला ते पटेना.

“मीठ न वाढलेलं पान नैवेद्याचं असतं हो. माणसाचं नाही.”

“मग यांना देव समजून वाढा,” काका म्हणाले. “मुख्याध्यापकच होते, फार फरक पडायचा नाही.”

वडील हसले नाहीत, पण पहिला आठवडा जेवले. दुसऱ्या आठवड्यात कोकमाचं सार आलं, मग भाजलेल्या जिऱ्याची पूड, ओवा, लसणीची फोडणी, चिंचेतली वांगी. दर आठवड्याला पुडी किती बारीक झाली ते काकांनी कोणालाच कळू दिलं नाही. सहाव्या आठवड्यात शेजाऱ्यांकडून वाटीभर आमटी आली ती चाखून वडील म्हणाले, “केवढं हे मीठ! खारट काढा झालाय नुसता.” काका त्या वेळी ओट्याशी पाठमोरे उभे होते. ते वळले नाहीत, पण हातातला डाव त्यांनी जरा जास्तच वेळ धुतला.

हे सगळं ब्राह्मणांच्या डाळभातापुरतं ठीक, असं कोणी म्हणेल म्हणून ठाण्याच्या कोळीवाड्यातली हकिकत सांगतो. तिथे एका वृद्ध कोळ्याला हाच आजार होता. घरात सुकटीशिवाय पान हलत नव्हतं, आणि सुकट म्हणजे मिठात वाळवलेली मासळी. त्याच्या सुनेने काकांना उंबऱ्यातच अडवलं. “काका, तुमाला मावऱ्यातलं काय कलतं? सुकटीन मीठ नाय, तर मंग काय साखर घालू?” काकांनी आयुष्यात मासळी तोंडात घातलेली नव्हती. त्यांनी पाटावर बसकण मारली आणि सुकट पाण्यात भिजवून ते पाणी ओतायला लावलं. पुन्हा पाणी, पुन्हा ओतणं. प्रत्येक पाण्याचा एकेक पेला त्यांनी तव्यावर आटवून पाहिला. पहिल्याला तव्यावर पांढरी खपली धरली, दुसऱ्याला कडेने रेघ आली, तिसऱ्याला नुसता डाग. सबंध वेळ त्यांनी नाकाला उपरण्याचं टोक लावलं होतं. सून शेजारणींना हाका मारून सांगत होती, “ये गो, बघाला ये! बामनानं सुकटीची भट्टी लावलीय!” चौथ्या पाण्यानंतर काका म्हणाले, “आता कर कालवण, आंबट कर चांगलं.” म्हातारा दोन भाकऱ्या जेवला. त्या घरी काकांचा एक घास तेवढा राहिला. त्याऐवजी त्यांनी गूळपाणी घेतलं.

पुड्या ठीक चालल्यात की नाही हे ठरवायला डॉक्टरांनी वडिलांचं वजन दर दोन दिवसांनी करायला सांगितलं होतं. वजन एकदम वाढलं तर ते चरबीचं नाही, पाण्याचं, असा हिशेब. घरात काटा नव्हता. कोपऱ्यावर कोळशाच्या वखारीत मोठा तराजू होता आणि वखारीचा मालक वडिलांचा जुना विद्यार्थी. तो पारड्यावर स्वच्छ गोणपाट अंथरायचा, वडील त्यावर मांडी घालून बसायचे आणि समोरच्या पारड्यात लोखंडी वजनं चढायची. “सर, हलू नका,” असं म्हणण्याची संधी त्याला आयुष्यात प्रथमच मिळाली होती आणि ती तो भरपूर वापरायचा. आलेला आकडा मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या त्या तारखेखाली पेन्सिलीने लिहायचो. वैशाख आणि ज्येष्ठ महिना आकडा स्थिर होता. आषाढात तो वरखाली व्हायला लागला. पुड्या त्याच होत्या, झडतीत नवं काही सापडत नव्हतं. काकांनी आईचा संशय घेतला, माझा घेतला, वखारीच्या तराजूचाही घेतला.

याच सुमाराला वडील देवभक्त झाले. आयुष्यभर त्यांनी उपास नावाला केला नव्हता. पण चातुर्मास लागला आणि त्यांनी एकादशी धरली, मग सोमवार, मग शनिवार, मग संकष्टी. एका रात्री जेवताना त्यांनी प्रदोषाची चौकशी केली. आई धन्य झाली होती. उपासाच्या दिवशी काका स्वतः खाली येऊन वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची आमटी करायचे, आणि पुडी बाजूला ठेवून शेंदेलोणाची बरणी उघडायचे. “आज शेंदेलोण आहे, गुरुजी. ते चालतं.” काकांच्या धंद्यात उपासाचा स्वयंपाक म्हणजे वेगळी चूल, वेगळी भांडी. सामानाच्या यादीत मीठ एका ओळीत असायचं आणि शेंदेलोण दुसऱ्या ओळीत. चाळीस वर्षं त्या दोन ओळी त्यांनी एकत्र वाचल्या नव्हत्या. वडील त्या दिवशी दोनदा आमटी घ्यायचे.

तिसऱ्या खेपेत डॉक्टरांनी गेल्या दोन महिन्यांची वजनं मागितली म्हणून मी भिंतीवरून दिनदर्शिकाच काढून नेली. काका माझ्यासोबत आले होते. डॉक्टरांनी पानं उलटली, पेन्सिलीच्या आकड्यांवरून बोट फिरवलं आणि ते थांबले. वाढलेला प्रत्येक आकडा उपासाच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशीचा होता. उपास तर तिथेच छापलेले होते.

“उपासाला काय खातात हे?”

काकांनी सांगितलं. शेंदेलोण किती, तेही विचारल्यावर सांगितलं.

“ते मीठच आहे,” डॉक्टर म्हणाले. “खाडीतलं असो, खाणीतलं असो. पाणी दोन्ही धरून ठेवतात.”

कल्याणहून परत येताना रिक्षात काका एकदाच बोलले. “किती घरी सांगितलं असेन रे मी हे?”

आमच्या धंद्यात चूक दुरुस्त करण्याची रीत ठरलेली आहे. पहिल्या पानावर झालेली चूक तीन दिवसांनी आतल्या पानावर, खालच्या कोपऱ्यात, चार ओळींत दुरुस्त होते. मी काकांना म्हटलं, पोस्टकार्डं टाकू. ते म्हणाले, “मी स्वयंपाकघरात बसून सांगितलंय. कार्ड बाहेरच्या खोलीत पडेल.” शिवाय पत्ते त्यांच्याकडे नव्हतेच. त्यांना घरं लक्षात होती ती पदार्थांवरून. मी कागद घेऊन बसलो आणि त्यांनी सांगितलेली यादी अशी लिहिली: विठ्ठलवाडी, पडवळात डाळ जास्त; कल्याण, पारनाक्याजवळ, ताकाला फोडणी; ठाणे, कोळीवाडा, सुकट. सतरा घरं झाली. वडील घरी आल्यावर दुसऱ्या दिवसापासून काका निघाले. माझी सुट्टी असेल तेव्हा मी बरोबर जायचो. प्रत्येक घरी ते स्वयंपाकघरात जाऊन उभे राहत आणि एकच वाक्य बोलत, “शेंदेलोण चालेल असं मी सांगितलं होतं, ते चुकीचं सांगितलं. ते मीठच आहे, पुडीतच धरायचं.” कोळीवाड्यातली सून हसली. “आमचे घरान एकच मीठ, काका. खारीतलं.” विठ्ठलवाडीचे गृहस्थ भडकले. “दोन वर्षं खातोय मी ते. मेलो का?” काका म्हणाले, “नाही ना, म्हणून तर आलो.” एका बाईंनी दार लावून घेतलं. काका अर्धा तास जिन्यात बसून राहिले आणि दार उघडल्यावर तेच वाक्य त्यांनी पुन्हा म्हटलं.

सोळा घरं गणपतीच्या आत झाली. सतरावं टिटवाळ्याचं. तार खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ आणि त्यांची बायको. यादीत त्यांच्यापुढे ‘भाजीत दाण्याचं कूट’ असं लिहिलेलं होतं. ते भाड्याची जागा सोडून नव्या इमारतींकडे राहायला गेले होते. नव्या इमारती पुष्कळ होत्या. दोन रविवार आम्ही कुटाच्या खुणेवर लोकांना विचारत फिरलो. लोक सौजन्याने ऐकून घेत आणि निघून जात. तिसऱ्या रविवारी काका एका वाण्याच्या दुकानापुढे थांबले आणि त्यांनी विचारलं, “शेंदेलोण पावशेराने नेणारं घर आहे का इथे?” वाण्याने मान वर न करता समोरच्या इमारतीकडे बोट दाखवलं.

बाईंनी काकांना लगेच ओळखलं. या, बसा, म्हणाल्या. काका बसले नाहीत. आपलं वाक्य त्यांनी उभ्यानेच म्हटलं. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“हे वैशाखात गेले,” त्या म्हणाल्या.

मी विचारलं, “उपास फार करायचे का?” विचारायला नको होतं, पण सवयीने विचारलं गेलं.

“उपास कुठले करतायत! शेंदेलोण मी रोजच घालायचे. म्हटलं, उपासाला चालतं तर एरवी का नको? जेवायचे हो त्याने. दोन घास जास्त जायचे.”

शेवटी पायांना सूज होती का, तर होती. डॉक्टरांच्या दाखल्यावर काय लिहिलं होतं ते त्यांना सांगता आलं नाही. त्या गृहस्थांचा मृत्यू शेंदेलोणामुळे झाला किंवा झाला नाही, असं म्हणायला माझ्याजवळ आधार नाही. काका खुर्चीत बसले. बराच वेळ हातातल्या टोपीची कड बोटांनी चाचपत राहिले. बाईच म्हणाल्या, “तुम्हाला तरी काय माहीत होतं? मुद्दाम कोणी सांगतं का? बसा, चहा टाकते.” त्या उठल्या, दोन पावलं गेल्या आणि चौकटीला धरून श्वासासाठी थांबल्या. काकांनी त्यांच्या घोट्यांकडे पाहिलं.

“वहिनी, ही सूज कधीपासून?”

“वयाने येतेच हो.”

“डॉक्टरांना दाखवलीत?”

“एकटीसाठी कुठे जाऊ?”

“उद्या जायचं. कल्याणला मी स्टेशनवर उभा राहतो. आधी डॉक्टर, मग मी. चहा राहू दे. बरणी कुठे आहे?”

मीठ कोणाच्या हातात देत नाहीत. बाईंनी शेंदेलोणाची बरणी आणून काकांच्या पुढ्यात फरशीवर ठेवली आणि काकांनी ती उचलून पिशवीत घातली. मग आत जाऊन त्यांनी बाईंना कागदावर त्यांची चिमूट टाकायला सांगितली.

दुसऱ्या दिवशी कल्याणच्या डॉक्टरांनी बाईंना गोळ्या सुरू केल्या. काका त्यानंतर दर गुरुवारी कसाऱ्याच्या गाडीने टिटवाळ्याला जायचे. सोबत अळणी पदार्थांचा डबा नसायचा; पदार्थ ते तिथे जाऊन, बाईंकडून करून घ्यायचे. वडील आणखी सात वर्षं जगले. शेंदेलोण पुडीत मोजलं जायला लागल्यापासून त्यांनी एकही उपास केला नाही, आणि त्या सात वर्षांत इस्पितळात ते एकदाच गेले.

आचारीकाका नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, राहत्या घरी, सकाळी गेले. तेराव्याच्या जेवणाला टिटवाळ्याच्या बाई आल्या होत्या, एकट्या. मी खाली दाराशी उभा होतो. मी आधाराला हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. कठडा धरून, पहिल्या मजल्यावर एकदा थांबून, त्या दुसऱ्या मजल्यावर चढून गेल्या.